परीकथा नव्याने सांगणारी आणि प्रेमाची पुस्तकं सुचवा (वय ११ ते १५)

पाणपोई
११ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लेकीला बारा पूर्ण झाली, सातवीची परीक्षा परवा संपली. लहानपणापासून परीकथांची वेडी, हिमगौरी आणि सात बुटके इतक्यांदा वाचलंय की पुस्तकाची शिवण सुटून दोन तुकडे झालेत आणि ते तिने पिशवीत घालून जपून ठेवलेत. आता तिला त्याच गोष्टी हव्यात पण "छोट्या मुलांच्या नको". परवा रात्री मी ओटा पुसत होते तर मागून विचारते, "आई, सिंड्रेला त्याच्याबरोबर नुसती नाचली ना, मग तो चांगला आहे हे तिला कसं कळलं? आणि त्याला तर तिचा चेहरापण आठवत नव्हता, बूट घालून बघायला लागला." मी फडकं पिळत उभी राहिले, काही सुचेना.

दुसरी गोष्ट म्हणजे तिला आता लव्ह स्टोरी वाचायचीय, आणि हे तिने मला सरळ येऊन सांगितलं. मला फार बरं वाटलं त्याचं. मी तिच्याएवढी असताना लायब्ररीतल्या कादंबऱ्या भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचे आणि आईची चप्पल वाजली की छातीत धडधड. तसं तिचं होऊ नये. पण मागच्या आठवड्यात मैत्रिणीकडून एक जाडजूड पुस्तक घरी आलं, काटे आणि गुलाबांचं काहीतरी नाव, ब्यूटी अँड द बीस्टवर आहे म्हणाली म्हणून मी कौतुकाने चाळायला घेतलं आणि मधलं एक प्रकरण वाचून मिटूनच टाकलं. परत केलं ते, पण नुसतं नाही म्हणून कसं चालेल, त्याच्या जागी हातात काहीतरी द्यायला हवं ना.

तर सुचवा. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, मराठी वाचते पण हळू. दोन्ही भाषेतलं चालेल. प्रेम असू दे, अगदी हवंच आहे, फक्त वयाला झेपेल असं.

शेवंती_ठाणे
११ एप्रिल, रात्री ११:०५

एला एन्चान्टेड!! डोळे झाकून घ्या. गेल कार्सन लव्हाइन, १९९७ चं आहे. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तरच आहे ते. सविस्तर उद्या लिहिते, आत्ता धाकटा झोपत नाहीये.

निळी_शाई
११ एप्रिल, रात्री ११:३२

काकू, तुम्ही सांगताय ते पुस्तक म्हणजे सारा जे. मासचं अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस असणार. मी एफवायला असताना वाचलं, मला आवडलं होतं, पण बारा वर्षांच्या मुलीसाठी ते अजिबात नाही. घोळ असा झालाय की २०१५ मध्ये आलं तेव्हा ते यंग अ‍ॅडल्ट म्हणूनच आलं, त्यामुळे बऱ्याच दुकानांत टीनएज कप्प्यात लागलं, नंतर २०२० मध्ये नवीन कव्हर घालून मोठ्यांचं म्हणून काढलं पण जुन्या प्रती अजून हातोहात फिरतायत. पुढचे भाग तर आणखीनच मोठ्यांचे आहेत. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, फक्त तिला सांगा की हे पुस्तक वाईट आहे म्हणून परत करत नाहीये, अठराव्या वर्षी तूच घेऊन वाच. माझ्या आईने मला असं सांगितलं असतं तर मी काही पुस्तकं इतक्या लवकर वाचली नसती.

तिच्या वयाला साजेसं ब्यूटी अँड द बीस्ट हवं असेल तर रॉबिन मॅकिन्लीचं ब्यूटी, १९७८ चं. त्यातल्या मुलीचं खरं नाव ऑनर, ब्यूटी हे लहानपणी पडलेलं नाव, आणि ती स्वतःला सुंदर समजतच नाही. बहिणी दुष्ट नाहीत, चांगल्या आहेत, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आणि बीस्टच्या वाड्यात अशी लायब्ररी आहे की तिच्यात अजून लिहिलीच न गेलेली पुस्तकंसुद्धा आहेत. प्रेम होतं ते रोज एकत्र वाचून, एकत्र जेवून, घोड्यावरून फिरून. हळूहळू. मिठ्याबिठ्या जवळपास नाहीतच. मॅकिन्लीने हीच गोष्ट पुढे १९९७ मध्ये रोझ डॉटर नावाने परत लिहिली, पण आधी ब्यूटीच द्या.

मात्र तिचंच डीअरस्किन बघितलंत तर ते घेऊ नका. तीही परीकथाच आहे पण त्यात बापाकडून मुलीवर अत्याचार आहे. फार ताकदीचं पुस्तक आहे, मोठेपणी वाचायचं.

सातबारा
१२ एप्रिल, सकाळी ७:१५

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. मी सांगलीकडे माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. सातवीच्या मुलीला प्रेमकथा शोधून द्यायची खरंच गरज आहे का? आणि द्यायचीच तर सगळी इंग्रजीच का? आपल्याकडे काहीच नाही असं मुलांना वाटायला लागतं ते असंच.

पाणपोई
१२ एप्रिल, सकाळी ९:५०

सातबारा सर, राग अजिबात नाही. पण तिला ते वाटायला लागलंय हो, मी द्यायचं ठरवू किंवा न ठरवू. मोबाईलवरच्या तीस सेकंदांच्या व्हिडिओतून तिला प्रेम म्हणजे काय ते कळण्यापेक्षा तीनशे पानांतून कळावं असं मला मनापासून वाटतं. मराठीतलं सुचवा ना प्लीज, मला तेच तर हवंय.

निळी_शाई, मनापासून आभार. "अठराव्या वर्षी तूच घेऊन वाच" हे आज तिला सांगितलं. विचार करून म्हणाली, "चालेल, लिहून ठेव." फ्रीजवर चिकटवलंय.

शेवंती_ठाणे
१२ एप्रिल, दुपारी २:२०

हां, तर एला. मी हे पुस्तक माझ्या भाचीला दिलं, मग मुलीला दिलं, आणि दोन्ही वेळा आधी स्वतः परत वाचून काढलं. गोष्ट अशी की एला जन्मल्यावर ल्युसिंडा नावाची एक परी तिला वरदान देते की ही मुलगी आज्ञाधारक होईल. झालं. कुणीही हुकूम सोडला की तिला पाळावाच लागतो, नाही पाळला तर चक्कर येते, श्वास कोंडतो. आता विचार करा, मूळ सिंड्रेला सगळं का सहन करते हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही, ती "गुणी" आहे म्हणून सहन करते असं आपण धरून चाललो. इथे ते गुणीपण म्हणजेच शाप आहे. मी पस्तिशीत पहिल्यांदा वाचलं आणि माहेरी लहानपणापासून "आमची शेवंता किती ऐकणारी" म्हणून जे कौतुक झालं ते सगळं आठवलं, रडले मी त्या रात्री.

आणि राजपुत्र, “चार” हे त्याचं नाव. तो तिला नाचाच्या आधी कितीतरी ओळखतो. दोघं मिळून जिन्याच्या कठड्यांवरून घसरगुंडी करतात. तो परदेशी जातो तेव्हा पत्रं लिहितात एकमेकांना, आणि तो पत्रातून लग्नाचं विचारतो तेव्हा तिच्या लक्षात येतं की मी हुकूम पाळणारी, उद्या कुणीही मला सांगेल की राजाला विष घाल तर मी घालीन. म्हणून ती सावत्र बहिणीच्या नावाने खोटं पत्र लिहून त्याला दूर लोटते. ती जागा वाचताना माझ्या मुलीने पुस्तक पोटाशी धरलं होतं. शेवटी शाप कसा तुटतो ते सांगत नाही, पण कुठल्याही चुंबनाने तुटत नाही, तिच्याच तोंडच्या एका शब्दाने तुटतो. १९९८ मध्ये न्यूबेरी ऑनर, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मान, मिळालाय. सिनेमा २००४ मध्ये आला पण तो खूप वेगळा आहे, आधी पुस्तकच द्या.

केतकीबन
१२ एप्रिल, रात्री ८:१०

एलाला माझं दणदणीत अनुमोदन. मी इकडे न्यू जर्सीत असते, शनिवारी मराठी शाळेत शिकवते आणि मुलींची (आणि दोन मुलग्यांची) एक वाचनाची टोळी आहे आमची, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिवाचा आहे. मोठं लिहितेय, वेळ काढून वाचा.

पाणपोई, तुमच्या लेकीला आधी हे सांगा की जी सिंड्रेला तिने वाचलीय ती "खरी" आणि बाकीच्या नकला असं काही नाहीये. काचेचा बूट आणि भोपळ्याची बग्गी ही फ्रान्समधल्या पेरोची, १६९७ ची. जर्मनीत ग्रिम बंधूंनी छापली तिच्यात ती परी नाहीच, आईच्या थडग्यावर मुलीने लावलेलं हेझलचं झाड आहे आणि त्यावरचा पक्षी तिला कपडे देतो. तिथे नाच एक रात्र नाही, तीन रात्री आहे. आणि सावत्र बहिणी बुटात पाय बसावा म्हणून एक अंगठा कापते, एक टाच. बूट रक्ताने भरतो तरी राजपुत्राला कळत नाही, कबुतरं ओरडून सांगतात तेव्हा कळतं! म्हणजे तुमच्या लेकीला राजपुत्राबद्दल जो संशय आला तो रास्त आहे. त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात चीनमध्ये ये-श्येनची गोष्ट लिहून ठेवलेली आहे, तिच्यात मदत करतात त्या माशाची हाडं आणि बूट सोन्याचा.

आणि आपल्या शेजारी कर्नाटकात हंची नावाच्या मुलीची गोष्ट. लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी तिच्यावर लिहिलंय. घरातल्याच माणसाच्या वाईट नजरेपासून वाचवायला आई सोनेरी केसांच्या मुलीला मातीचा मुखवटा घालते आणि घराबाहेर पाठवते. ती दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला राहते, तिच्या हाताला चव आहे. बूट नाही, नाच नाही, मुखवटा आणि स्वयंपाक. माझ्या टोळीतल्या एका मुलीने विचारलं होतं की मग ही सिंड्रेला कशी, तर मी म्हटलं तूच शोध, आणि तिने फळ्यावर दोन रकाने करून इतकं सुंदर मांडलं की मी फोटो काढून ठेवलाय.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मुलांना एकदा कळलं ना की गोष्ट बदलत आलीय, ती बदलायला आपल्यालाही परवानगी आहे, की मग ती नुसती वाचत नाहीत, हुज्जत घालतात. आणि प्रेमकथा वाचताना मला हीच हुज्जत हवी असते. तो तिला विचारतो का, ती त्याला ओळखते का, ती नाही म्हणाली असती तर काय झालं असतं.

आता पुस्तकं. शॅनन हेलचं द गूज गर्ल (२००३), राजकन्या अ‍ॅनी, तिचीच दासी सेलिया वाटेत तिची जागा बळकावते आणि ही परक्या राज्यात हंस राखते. पहिली पन्नास पानं संथ आहेत, तिला सांगा धीर धर. प्रेम अगदी कोवळं, कुरणातलं. तीच गोष्ट इंतिसार खानानीच्या थॉर्नमध्ये जरा काळोखी आहे, ती चौदाच्या पुढे. एडिथ पॅटूचं ईस्ट नॉर्वेतल्या पांढऱ्या अस्वलाच्या गोष्टीवर आहे, ज्यांना प्रवास आवडतो त्यांच्यासाठी. जेसिका डे जॉर्जचं प्रिन्सेस ऑफ द मिडनाइट बॉल बारा नाचणाऱ्या राजकन्यांवर आहे, त्यात नायक सैनिक आहे आणि तो विणकाम करतो, लोकर आणि सुया घेऊन, आमच्या टोळीतल्या एका मुलाने त्यानंतर खरंच मफलर विणला.

नाओमी नोविकचं स्पिनिंग सिल्व्हर (२०१८) माझं सगळ्यात लाडकं, पण ते पंधराच्या पुढे ठेवा. सावकाराची ज्यू मुलगी मिर्यम, बाप भिडेपोटी वसुली करत नाही म्हणून ही स्वतः दारोदार जाऊन वसुली करते, आणि चांदीचं सोनं करते अशी तिची ख्याती बर्फाच्या राजापर्यंत पोचते. हे रम्पलस्टिल्टस्किन या गवताचं सोनं करून देणाऱ्या बुटक्याच्या परीकथेवर आहे, आणि त्या मूळ गोष्टीत मुलीला नावसुद्धा नाही. इथे तिची हिशोबाची वही आहे. आणि या राजाला माफी सहज मिळत नाही, प्रत्येक गोष्टीची किंमत ती मोजून घेते.

उनाड_वाट
१२ एप्रिल, रात्री १०:०२

हे फक्त मुलींपुरतं ठेवू नका प्लीज. माझा मुलगा चौदाचा, प्रेमकथा म्हटलं की तोंड वाकडं. त्याला मारिसा मायरचं सिंडर (२०१२) दिलं, हे न सांगता की ती सिंड्रेला आहे. नायिका सायबॉर्ग, म्हणजे थोडी माणूस थोडी यंत्र, न्यू बेजिंगच्या बाजारात मेकॅनिकचा ठेला चालवते, आणि राजपुत्र येतो तो बिघडलेला अँड्रॉइड दुरुस्त करून घ्यायला. सुरुवातीलाच ती स्वतःचा लहान पडलेला धातूचा पाय स्क्रू काढून बदलत असते. पोरगा सत्तर पानांवर येऊन म्हणतो, "बाबा, ही सिंड्रेला आहे का?" तोवर उशीर झाला होता, चारही भाग वाचले. स्कार्लेट, क्रेस, विंटर, २०१५ ला संपलं. प्रत्येक भागात एक जुनी गोष्ट, लाल टोपीवाली, रपुन्झेल, हिमगौरी, आणि सगळ्या मिळून एकच लढाई.

मग त्याने आपणहून हाउल्स मूव्हिंग कॅसल मागितलं, डायाना विन जोन्स, १९८६. सिनेमा जपानी, तो आधी बघितला होता. ही कुठल्या एका परीकथेवर नाही पण परीकथेच्या सगळ्या नियमांना धरून आहे. सोफी तिघींतली थोरली आणि तिला पक्कं माहितीय की गोष्टीत थोरलीचं कधी भलं होत नाही. शापाने म्हातारी होते आणि मग काय तिची भीड चेपते. मी आणि बायको दोघांनी वाचलं.

मुलग्यांनी प्रेमकथा वाचायलाच हव्यात असं माझं ठाम मत झालंय. समोरची मुलगी आतून काय विचार करतेय हे त्याला दुसरीकडे कुठे कळणार आहे.

सातबारा
१३ एप्रिल, सकाळी ६:५०

रात्री सगळं वाचलं. केतकीबन ताईंचं "हुज्जत घालतात" हे वाक्य डोक्यात राहिलं. मी माझं कालचं मत बदलतोय आणि मराठीतलं सुचवायचं म्हणालो होतो ते आता सुचवतो.

पहिलं, प्रकाश नारायण संत यांचा लंपन. या मुलाच्या गोष्टींची पुस्तकं म्हणजे वनवास, शारदा संगीत, पंखा, झुंबर. हे प्रेमकथेच्या कप्प्यात कुणी ठेवत नाही, पण लंपन आणि सुमी यांच्यामध्ये जे आहे त्याच्याइतकं निर्मळ मी मराठीत दुसरीकडे वाचलेलं नाही. मुलाला कळतच नाही की आपल्याला काय होतंय, तो त्याला "मॅड" म्हणून मोकळा होतो. बेळगावकडची कानडी हेल असलेली भाषा आहे, हळू वाचणाऱ्या मुलीला सुरुवातीला अडेल, म्हणून पहिल्या दोन कथा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. कानाला लागली की मग सुटत नाही.

दुसरं, मिलिंद बोकिलांची शाळा, २००४. नववीतला मुकुंद जोशी आणि शिरोडकर, आणीबाणीचा काळ. मुलांच्या तोंडी शिव्या आहेत, म्हणून चौदा-पंधराला द्या, पण द्या. शिरोडकर वर्गात आली की त्याला नुसतं ती कुठे बसलीय, कुठे बघतेय एवढंच दिसतं. आमच्या शाळेत मी नववीच्या वर्गाला त्यातले निवडक उतारे वाचून दाखवतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा मान वर करतात.

तिसरं आपलं जुनं. महाभारतातलं नल-दमयंती. स्वयंवराला दमयंती हार घेऊन येते आणि समोर पाच नल! इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचं रूप घेऊन बसलेत. मग ती बारकाईनं बघते. चौघांच्या पापण्या लवत नाहीत, अंगावर घाम नाही, गळ्यातले हार ताजे, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, सावली पडत नाही. पाचव्याची सावली पडलीय, हार कोमेजलाय, कपाळावर घाम आहे. ती त्या घामेजलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालते. देव सोडून माणूस निवडते. रघुनाथ पंडितांचं दमयंती स्वयंवर आम्ही शाळेत शिकलो, त्यातला हंस पाठ होता, पण ही सावली मला तेव्हा कुणी दाखवली नाही. पाणपोई, तुमच्या लेकीला सांगा, बुटावरून ओळखणारा राजपुत्र एकीकडे आणि सावलीवरून ओळखणारी दमयंती एकीकडे.

निळी_शाई
१३ एप्रिल, सकाळी ११:१५

सर!! सावलीचं वाचून अंगावर काटा आला. मला हे अमर चित्र कथेतून अर्धवट आठवत होतं.

हलकंफुलकं, आत्ताच्या काळातलंपण हवं असेल ना? संध्या मेननचं व्हेन डिंपल मेट रिशी (२०१७), अमेरिकेतली भारतीय मुलं, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कोडिंगच्या उन्हाळी शिबिरात भेटतात, आईबाबांनी परस्पर स्थळ म्हणून ठरवलेलं असतं आणि तिला पत्ताच नाही. साधारण पंधराला ठीक. तिचंच ऑफ कर्सेस अँड किसेस (२०२०) हे ब्यूटी अँड द बीस्टवर आहे, म्हैसूरच्या राजघराण्यातली मुलगी कोलोरॅडोतल्या बोर्डिंग शाळेत, ते चौदाला चालेल. आणि जेनी हानचं टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ड बिफोर, त्यात मला प्रेमापेक्षा तिन्ही बहिणींचं घर जास्त आवडलं.

आजोळ
१३ एप्रिल, दुपारी ४:३०

मी अडुसष्ट वर्षांची, डोंबिवलीत असते, नातीने टायपिंग शिकवलं म्हणून इथे आले. तुम्ही सगळे सिंड्रेला शोधताय आणि मला आपली नावडती आठवतेय. श्रावणातल्या सोमवारची शिवामुठीची कहाणी. आटपाट नगर, राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. तिला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. काम गुराख्याचं. रानात जाते तिथे तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, त्या तिला वसा सांगतात, तांदूळ, तीळ, मूग, जव. शेवटी देऊळ सोन्याचं होतं, रत्नांचे खांब होतात, सासरा बघायला येतो, पागोटं खुंटीला लावतो, तळं बघून परत येतो तर देऊळ लहान झालेलं आणि पागोटं तिथंच खुंटीवर. मग नावडतीची आवडती होते.

चुलीतल्या राखेऐवजी गोठा, परीऐवजी नागकन्या, बुटाऐवजी पागोटं. माझ्या आईने सांगितली, मी सांगितली. मात्र गेल्या श्रावणात नातीला सांगत होते तर ती मध्येच म्हणाली, "आजी, हिचा नवरा कुठे आहे?" साठ वर्षं मी ही कहाणी ऐकतेय आणि सांगतेय, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं की अख्ख्या कहाणीत नवरा एक शब्द बोलत नाही. बायकोला गुरांच्यात ठेवलंय आणि तो आहे कुठे.

पाणपोई, लेकीला ही कहाणी जरूर सांग गं.

केतकीबन
१३ एप्रिल, रात्री ९:००

आजी, नमस्कार करते तुम्हाला. ही कहाणी या शनिवारी माझ्या वर्गात जाणार.

उनाड_वाट
१४ एप्रिल, सकाळी ८:२५

वाचनखूण साठवली. मराठी हळू वाचणाऱ्यांसाठी एक सोपी वाट, बालभारतीच्या किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला आहेत, गोष्टी छोट्या असतात, लोककथा भरपूर, चित्रं अप्रतिम. रोज जेवताना एक गोष्ट असा आमचा नेम आहे.

मोठ्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक जोडतो. विजयदान देथांची दुविधा ही राजस्थानी कथा. अमोल पालेकरांचा पहेली त्याच कथेवरचा. भूत नवऱ्याचं रूप घेऊन येतं पण तिला फसवत नाही, आधी खरं सांगतं आणि मग विचारतं. सोळा-सतरानंतर घरात बसून एकत्र बोलण्यासारखी गोष्ट आहे.

पाणपोई
२ मे, रात्री १०:१५

तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला त्याबद्दल माफी. इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, यादी काढून तिच्या कपाटाच्या दाराला आतून लावलीय.

एला चार दिवसांत संपलं. शेवटाला आली तेव्हा रात्रीचे साडेअकरा, मी दिवा घालव म्हणून ओरडायला गेले तर मला म्हणाली, "आई, तू आत्ता हुकूम करू नकोस, दहा पानं राहिलीत." मी तिच्याशेजारी पलंगावर बसले, ती दहा पानं तिने मोठ्याने वाचली. पुस्तक मिटल्यावर बराच वेळ गप्प होती, मग एवढंच म्हणाली की नंतर तिनेच त्याला विचारलं, ते बेस्ट होतं.

ब्यूटी आत्ता चालू आहे, लायब्ररीच्या पानापर्यंत आलीय. लंपन आम्ही रोज रात्री एक कथा वाचतो, माझे बाबा मिरजेचे त्यामुळे ती भाषा माझ्या ओळखीची निघाली, वाचताना माझाच हेल बदलतो असं ती म्हणते. घरात सध्या सगळं "मॅड" आहे, वरण मॅड, ऊन मॅड.

सर, दमयंतीची सावली सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर जाऊन सगळ्यांच्या सावल्या बघून आली आणि बाबाला म्हणाली, "तू माणूस आहेस, घाम पण आलाय."

आणि आजी, नावडतीची कहाणी सांगितली. तिने नवऱ्याबद्दल नाही विचारलं. ती म्हणाली, "सगळ्यांना ती आवडायला लागली, पण तिला ते आवडत होते का?" आता वहीत ती स्वतः लिहितेय, नावडती रानातून परत जायचं की नाही ते नागकन्यांना विचारते असं काहीतरी आहे. मला अजून वाचायला दिलेलं नाही. संपली की आजींना पाठव म्हणालीय.

आजोळ
३ मे, सकाळी ६:१०

पाठव गं तिला म्हणावं. मी आणि नात दोघी वाट बघतोय. घाई नाही, श्रावणाला वेळ आहे अजून.